उलट्या तोंडाचा घोडा

१

मामा गेल्याला आठ-नऊ महिने उलटून गेले होते, आणि मामीचा फोन आला तो असा : "अगं, तुझा मामा येऊन गेला."

भाची तेव्हा कामावर होती. दवाखान्यातल्या यंत्रांमध्ये जे प्रोग्राम चालतात ते तपासायचे, त्यांतल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. 'दुसऱ्यांच्या चुकांवर पोसलेली पोरगी' असं मामा तिला चारचौघांत म्हणायचा आणि वर स्वतःच खो खो हसायचा. मामी मात्र थट्टा करणाऱ्यांतली नव्हती, आणि भुताखेतांची तर ती जन्मभर टर उडवत आली होती. म्हणूनच ते वाक्य भाचीने थट्टेवारी नेलं नाही. तिने रजा टाकली आणि दुपारच्या आत मामीचं दार वाजवलं.

दारात उभी राहिलेली बाई तिला क्षणभर ओळखू आली नाही. गाल बसलेले, केस कसेतरी गुंडाळलेले, डोळे कुठेतरी लांब. मामीने 'ये' सुद्धा म्हटलं नाही. मनगट धरून तिला थेट मामाच्या खोलीत नेलं.

खोली होती तशीच होती. खुर्चीच्या पाठीवर मामाचा राखाडी स्वेटर, खिडकीचा अर्धा ओढलेला पडदा, टेबलावर कॉम्प्युटर आणि शेजारी लाकडी बुद्धिबळाचा पट, अर्ध्यावर थांबलेल्या डावासकट. तो कॉम्प्युटर मामा गेल्यापासून मामीने बंदच केला नव्हता. मामा हयात असताना तो रोज झोपण्यापूर्वी आठवणीने बंद करायचा, शहाण्यालाही झोप हवी म्हणायचा. आता मात्र पंख्याची बारीक घरघर त्या खोलीत अखंड चालू होती. ती ऐकताना कोणीतरी झोपलंय, आपण पावलं न वाजवता चालावं, असं वाटायचं.

'शहाणा' म्हणजे मामाने उभं आयुष्य घालवून लिहिलेला, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. त्यात भागीदारी होती लंबूकाकांची. लंबूकाका मामाचे शाळेपासूनचे मित्र. बुद्धिबळातली अक्कल त्यांची, प्रोग्राम लिहिणं मामाचं. शहाणा जगापुढे आणायचा तेव्हा कोणाचं नाव आधी लावायचं, यावरून दोघांत बरीच वर्षं धुसफूस होती. शेवटी लंबूकाकांनी शहाण्याशी एक डाव खेळायचा आणि त्यावरच काय तो निकाल लावायचा असं ठरलं. ते जिंकले तर नाव त्यांचं आधी, शहाणा जिंकला तर मामाचं. शहाण्याच्या वतीने पांढरे मोहरे मामा हलवायचा, काळे लंबूकाकांचे. चाल पटावर झाली की मगच ती शहाण्याला सांगायची, हा दोघांचा नियम. डाव सावकाश चालला होता. एक दिवस सकाळी मामी बहिणीकडे गेली, आणि दुपारी परतली तेव्हा मामा याच खुर्चीत होता, टेबलावर मान टाकून. हृदय थांबलं होतं.

तेव्हापासून मामी रोज सकाळी एक गोष्ट करायची. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण 'विचार कर' ही कळ मामाने दाखवून ठेवली होती. ती कळ एकदा दाबायची. शहाणा मिनिटभर कुरकुरायचा आणि लंबूकाकांनी आता काय खेळावं ते पडद्यावर सांगायचा : हत्ती एक घर पुढे. रोज तेच. मामी 'बरं' म्हणायची आणि कामाला लागायची.

"परवा मी कळ दाबली," मामी म्हणाली, "आणि हा कुरकुरलाच नाही. पापणी लवायच्या आत उत्तर. हत्ती नाही, घोडा. तुझा मामा असाच उत्तर द्यायचा ना? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत."

मग तिने पुन्हा दाबली. हत्ती. पुन्हा दाबली. हत्ती. त्या दिवशी ती दुपारी जेवलीच नाही, शंभरेक वेळा कळ दाबली. घोडा परत आला नाही.

"त्याला काहीतरी सांगायचं होतं गं. त्या दिवशी मी घरात नव्हते म्हणून राहून गेलं. आता सांगायला आला, तर मला मेलीला घोड्याचा अर्थ कळला नाही."

भाचीने तिला जवळ घेतलं, आणि मामीच्या खांद्यावरून तिची नजर पटावर गेली. मोहरे जागच्या जागी होते. फक्त एका काळ्या घोड्याचं तोंड मागे होतं, आपल्याच राजाकडे.

"मामी, या पटाला कोणी हात लावलाय?"

"छे. मी धूळसुद्धा फुंकरीने उडवते."

भाचीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

२

तिला कारण ठाऊक होतं, म्हणूनच काटा आला. मामाला वाकडा घोडा सोसायचा नाही. सगळ्या घोड्यांनी समोर बघायचं, हा त्याचा हट्ट. समोरच्याने घोडा तिरका ठेवला, तर मामा बोलता बोलता हात लांब करून त्याचाही घोडा सरळ करायचा. लहानपणी ती मुद्दाम तिरके ठेवून त्याची मजा बघायची. मामाच्या डोळ्यांसमोर हा घोडा असा राहिलाच नसता.

संध्याकाळी धाकटे मामा आले. हे मामाचे भाऊ, छापखाना चालवणारे, मोठ्या आवाजाचे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी माणसं आणून ते धूड उचलायचं, खोलीला कुलूप लावायचं आणि वहिनींना आपल्या घरी न्यायचं. दीर बोलत असले की मामी मूग गिळून बसायची, कारण मामा गेला त्या दुपारी, सगळ्या लोकांत, 'घरात कोणी असतं तर दादा वाचला असता' असं ते म्हणून गेले होते. रागाने नव्हे, रडता रडता. पण शब्द तो शब्द, आणि मामीने तो तेव्हापासून उराशी धरून ठेवला होता.

भाचीने त्यांना बाहेरच्या खोलीत गाठलं.

"हे सगळं त्या लंबूचं कारस्थान आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "वहिनींना घाबरवायचं, म्हणजे त्या कंटाळून शहाणा त्याच्या हवाली करतील. नावासाठी जीव टाकत होता तो. लिहून ठेव."

"आणि तुम्ही, मामा? मशीन हलवायची घाई तर तुम्हालाच आहे."

धाकट्या मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांनी आवाज चढवला नाही, खुर्चीत बसले. मला यातलं काय कळतंय, म्हणाले. दादाने लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला होता, दोन दिवसांत हात टेकले. "घोडा तिरका जातो ना? का तो उंट? बघ, इथपासून आनंद आहे. वहिनी त्या खोलीत खंगत चालल्यात, मला फक्त तेवढं दिसतं."

घराची दुसरी किल्ली शेजारच्या गाणंवाल्या बाईंकडे असायची. गाण्याच्या शिकवण्या घेऊन त्यांचे कान इतके तयार झाले होते की भिंतीपलीकडे चमचा पडला तर तो कोणत्या सुरात पडला ते सांगतील. भाची त्यांच्याकडे गेली. बाईंनी चहा दिला. किल्ली खुंटीला आहे, मी कशाला जाऊ, म्हणाल्या. मग हातातला कप खाली ठेवला.

"एक गोष्ट मनात राहिलीये. तुझी मामी बहिणीकडे गेली ना, त्या सकाळी तुझा मामा हसला होता. मोठ्याने, पोट धरून हसतात तसा. मी म्हटलं, बरं झालं, आज मजेत आहे. मग दुपारी हे ऐकलं."

"फोनवर बोलत असेल, किंवा रेडिओ चालू असेल."

"असेल. पण फोनवर हसणारा माणूस मध्येमध्ये थांबून ऐकतो. हा थांबला नाही. हा समोर बघून हसत होता."

भाची परत आली तेव्हा मामी त्या खोलीच्या दारात उभी होती. पंखा घरघरत होता. रिकाम्या खोलीत कोणाकडे बघून हसला असेल मामा, हा प्रश्न घेऊन भाची त्याच्या खुर्चीपाशी गेली, पण तिला खुर्चीत बसवेना.

३

लंबूकाका दुसऱ्या दिवशी भेटले, त्यांच्या बुद्धिबळाच्या वर्गात. मुलं अजून यायची होती. रांगेने मांडलेल्या पटांच्या मध्ये ते एकटेच, मान खाली घालून मोहरे लावत होते. उंची तीच होती, पण माणूस आतून वाकल्यासारखा दिसत होता. त्यांनी लावलेले घोडे नेहमीप्रमाणे चारी दिशांना बघत होते.

तिने त्यांना मामीचं सांगितलं. शहाण्याने एकदाच वेगळं उत्तर दिलं, हत्तीऐवजी घोडा सांगितला, इतकंच. त्यांचा हात मोहऱ्यावर थांबला.

"घोडा देऊन टाकायचा?" ते म्हणाले. "शहाण्याला ते दिसणं शक्य नाही. मिनिटभरात तर नाहीच."

मग एकदम भानावर आल्यासारखे इकडचं तिकडचं बोलू लागले. तुझ्या मामाच्या मनाचा भ्रम असेल, म्हणाले, आणि लगेच 'मामीच्या' असं दुरुस्त केलं. डाव कुठे थांबला होता असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आदल्या संध्याकाळपर्यंत खेळलो, चाल माझी होती, विचार करून सांगतो म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येणारच होतो, पण त्याआधीच निरोप आला. "जवळ कोणी असतं, तर..." एवढं म्हणून ते थांबले आणि चष्मा पुसू लागले.

"काका, शहाण्याचं पुढे काय करायचं? तुमचंच नाव राहिलंय आता."

"मला नको ते नाव." ते इतक्या तुटकपणे म्हणाले की ती दचकली. "धाकटा म्हणतोय ते बरोबर आहे. उचलून न्या, बंद करून टाका. वहिनींनी किती दिवस असं बसायचं?"

ज्या नावासाठी माणसाने वर्षानुवर्षं मित्राशी वाद घातला, ते आज ताटात वाढून दिलं तर तो ताट लोटतोय. भाची जिना उतरताना याच विचारात होती. अर्ध्या जिन्यात तिचा पाय थबकला.

तिने त्यांना नुसतं 'घोडा' म्हटलं होतं. लंबूकाकांचे दोन घोडे पटावर होते आणि त्यांना जायला बक्कळ घरं होती. घोडा 'देऊन टाकायचा' आहे, हे तिने त्यांना सांगितलंच नव्हतं.

४

शनिवारची सकाळ तिने मामाच्या खुर्चीत बसून काढली. बसताना स्वेटरची बाही हाताला लागली आणि तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग बाही वर सारून कामाला लागली.

आधी भुताला माणूस समजून तपास. बाहेरून कोणी शिरलं असेल, तर शहाण्याला बाहेरच्या जगाची तारच नव्हती. मामाला ते आवडायचं नाही. कोणी प्रोग्राममध्ये हात घातला असेल, तर तेही नाही. प्रोग्राम मामाने शेवटचा बदलला होता तसाच होता. वीज जाऊन काही बिघडलं म्हणावं, तर खाली बॅटरी ठेवलेली, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता. कोणीही काहीही केलेलं नव्हतं, आणि तरी घोडा आला होता. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटून तिने दोनदा वळून पाहिलं.

मग तिने मामाने लिहिलेलं सगळं सावकाश वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता मामाचा स्वभाव तिला ओळखीचा वाटू लागला. मामा काही टाकून द्यायचा नाही. तुटकी कात्री, फाटकी छत्री, सगळं माळ्यावर. शहाण्यालाही त्याने तेच शिकवलं होतं. पटावरच्या एखाद्या स्थितीवर शहाण्याने विचार केला की तो विचार आठवणीत राहायचा, आणि त्यावर एक शिक्का बसायचा : कितव्यांदा कळ दाबली तेव्हाचा हा विचार. आत्ताचा शिक्का असेल तर तो ताजा, त्यावर विश्वास ठेवायचा. आधीचा असेल तर शिळा, तो वापरायचा नाही. पण फेकायचाही नाही. खोल विचार असेल तर नव्या उथळ विचाराने तो पुसायचा नाही, तसाच राहू द्यायचा.

आणि त्या शिक्क्यासाठी मामाने जागा किती ठेवली होती, ते पाहून तिने कपाळावर हात मारला. त्या जागेत दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. त्यापुढे एकदा कळ दाबली की आकडा गुपचूप शून्यावर येतो आणि पुन्हा एक, दोन, तीन. असल्या चुकांवरच तिचं पोट चालत होतं. मामाच्या हातून यात काही बिघडलंच नसतं, कारण एका दिवसात इतक्यांदा कळ कोण दाबतंय? दिवस संपला की कॉम्प्युटर बंद, शहाण्याची आठवण पुसलेली, सकाळी शिक्का पुन्हा पहिल्यापासून.

पण मामीने तो बंद केला नव्हता.

मामीने रोज एकदा कळ दाबत शिक्का पुढे पुढे नेला होता, टोकापर्यंत नेऊन पलीकडे उतरवला होता. आणि मामीने घोडा पाहिला त्या दिवशी तो फिरून अशा आकड्यावर आला होता, ज्या आकड्याचा एक जुना विचार आत पडून होता. शहाण्याला वाटलं, हा आत्ताचाच. त्याने तो उचलून दिला. पुढच्याच वेळी शिक्का सरकला आणि विचार पुन्हा शिळा झाला.

भूत सापडलं. भाचीला हायसं वाटायला हवं होतं. तिने शहाण्याच्या आठवणीत डोकावायची मामाची खिडकी उघडली आणि तो जुना विचार शोधून काढला. काळ्या घोड्याने पांढरं प्यादं मारलं, घोडा फुकट दिला, त्यानंतरची स्थिती. आताच्या पटावरून ती फक्त एका चालीवर होती, म्हणून उत्तर घोडा. मिनिटभराचा नव्हे, चांगला तासभर केलेला, खोल विचार. त्यावरचा शिक्का होता एक.

ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग उठून मामीकडे गेली आणि उद्या लंबूकाकांनाही बोलवायचं म्हणाली.

५

रविवारी सकाळी चौघं त्या खोलीत होती. धाकटे मामा दाराशी हाताची घडी घालून, उचलायला आणलेली माणसं बाहेर थांबवून. मामी खिडकीपाशी. लंबूकाकांना भाचीने पटासमोरच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं होतं. मामाची खुर्ची रिकामी ठेवली होती.

तिने शिक्क्याची गोष्ट सगळ्यांना समजेल अशी सांगितली. विचाराचा वेळ अगदी कमी करून ठेवला, म्हणजे कळ दाबली की लगेच उत्तर. पडद्याच्या कोपऱ्यात शिक्क्याचा आकडा दिसत होता.

"हा आकडा फिरून एकावर आला की मामीने पाहिलं ते पुन्हा दिसेल," ती म्हणाली. "काका, कळ तुम्ही दाबा."

लंबूकाकांनी दाबायला सुरुवात केली. हत्ती. हत्ती. हत्ती. आकडा चढत होता. बोट कळेवर पडल्याचा आवाज आणि पंख्याची घरघर, एवढंच. दीडशेच्या पुढे गेल्यावर धाकट्या मामांनी हाताची घडी सोडली. दोनशेच्या पुढे मामी खिडकीपासून टेबलाजवळ सरकली. आकडा दोनशे पंचावन्नवर पोचला. पुढच्या दाबाला तिथे शून्य आलं.

लंबूकाकांचं बोट कळेवर राहिलं, पण खाली जाईना.

"दाबा, काका."

"काय करायचंय ते बघून?" ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचं..."

"तुम्हाला माहीत आहे काय येणार ते. मी नुसतं 'घोडा' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात घोडा देऊन टाकायचा. मामा कॉम्प्युटर रोज बंद करायचा, त्यामुळे यात जे आहे ते सगळं त्या सकाळपासूनचं आहे. शिक्का एक, म्हणजे त्या सकाळी मामाने दाबलेली पहिलीच कळ. आणि ती त्याने दाबली घोड्याने प्यादं मारल्यावर. शहाण्याला पटावर झालेल्याच चाली सांगायच्या, हा नियम तुम्हा दोघांचाच ना? म्हणजे त्या सकाळी ती चाल पटावर झाली होती. काळ्याची चाल. आता पटावर बघा, ती झालेली नाही. कोणीतरी घोडा मागे घेतला, प्यादं परत ठेवलं, यंत्रातली चालही पुसली. फक्त घोडा उलटा ठेवला गेला, आणि तो सरळ करायला मामा नव्हता."

"हे मलाही जमलं असतं," धाकटे मामा एकदम म्हणाले, आणि मग त्यांनाच ते पटेना. "नाही. मला नसतं जमलं."

लंबूकाकांचं बोट अजून कळेवरच होतं. तेव्हा मामी पुढे झाली. तिने त्यांचं बोट हलकेच बाजूला केलं आणि कळ स्वतः दाबली.

घोडा.

लंबूकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी आलो होतो," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही कोपऱ्यावरून वळलात आणि मी आलो. घोडा दिला. तो हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. म्हणाला, लंब्या, म्हातारा झालास. मग शहाण्याला बसवलं विचाराला. तासभर आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. आणि शहाणा म्हणाला, घोडा बरोबर आहे. काळा जिंकतो."

हसणं तेव्हा थांबलं होतं. मामा पांढराफटक पडला होता, छाती चोळत होता. लंबूकाकांना ते हरल्याचं नाटक वाटलं. हरला की तो नेहमी कुठे ना कुठे दुखतंय म्हणायचा. त्या हसण्याचा राग आत धुमसत होता. ते म्हणाले, आता नाव माझं आधी, आणि उठले.

"दारापर्यंत गेलो, तर मागून त्याने हाक मारली. लंब्या. एकदाच." "मला वाटलं, चाल परत मागतोय. मी वळलो नाही."

निरोप आल्यावर ते धावत आले तेव्हा मामी डॉक्टरांबरोबर बाहेरच्या खोलीत होती. या खोलीत ते आणि मामा, दोघंच. लोक म्हणतील यानेच मारला, या भीतीने हात आपोआप चालले. घोडा मागे, प्यादं जागेवर, यंत्रातली चाल रद्द. तेवढ्याशा वेळात केलेलं ते काम त्यांच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. आणि मग बाहेर लोकांत उभं असताना, 'घरात कोणी असतं तर' असं धाकटे मामा म्हणाले तेव्हा त्यांनी मान डोलावली होती.

धाकटे मामा मामीकडे बघूही शकत नव्हते. ते तसेच खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी जे बोललो..." बाहेर जाऊन त्यांनी उचलायला आणलेल्या माणसांना परत पाठवलं.

मामी रडत नव्हती. आठ-नऊ महिने तिने स्वतःला रोज एकच विचारलं होतं, की मी घरी असते तर. तिच्या पाठीवरचं ओझं उतरलं होतं, पण ते उतरून कुठे गेलं ते समोरच बसलं होतं, आणि त्याच्याकडे बघून तिला राग येत नव्हता, याचंच तिला नवल वाटत होतं. तिने विचारलं, घोडा कुठे होता? लंबूकाकांनी प्यादं उचललं आणि घोडा तिथे ठेवला. तिरकाच. मामीने दोन बोटांनी त्याचं तोंड फिरवून सरळ केलं, मामाच्या खुर्चीकडे. यंत्रातला डाव मात्र होता तसाच राहू दिला.

भाचीने हळूच विचारलं, "मामी, ती आकड्याची चूक दुरुस्त करू का? मग असं पुन्हा होणार नाही."

"नको," मामी म्हणाली. ती लंबूकाकांकडे वळली. "रोज सकाळी यायचं, भाऊजी. कळ तुम्ही दाबायची. दिवसातून एकदाच, जास्ती नाही. कधीतरी तो फिरून एकावर येईल. त्या दिवशी त्याच्या हाकेला ओ द्यायची."

लंबूकाकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, शहाण्याचा विचाराचा वेळ पूर्ववत करून भाची निघायच्या तयारीत असताना दार वाजलं. लंबूकाका आत आले, कोणाशी न बोलता मामाच्या खोलीत गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. मामी दाराशी उभी राहिली. त्यांनी कळ दाबली. शहाणा मिनिटभर कुरकुरला.

"हत्ती," लंबूकाका म्हणाले. "एक घर पुढे."

"बरं," मामी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.